पहिल्या वर्षाचा हिशेब: बीड जिल्ह्यातल्या एका घराचं प्रकरण

बचत गटांच्या प्रभागसंघाचे हिशेब मी बघते. त्यामुळे घरात मयत झाल्यावर पैशाचं काय होतं ते मला बऱ्याचदा वहीतूनच कळतं: हप्ता थांबतो, मग बाई बैठकीला यायची थांबते. हे प्रकरण असंच कळलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. योजना, नियम आणि कागद आहेत तसेच ठेवले आहेत.

घर

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव, तीन एकर कोरडवाहू. २०२४ च्या भाद्रपदात, सोयाबीन काढणीला आलं असताना, ३८ वर्षांचा कर्ता माणूस आत्महत्येनं गेला. मागे बायको (तिला इथे ताई म्हणते), नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा, आणि आबा-आजी. धाकटा दीर चाकणला कंपनीत कामाला.

त्यानं असं का केलं, यात मी शिरणार नाही. कर्ज होतं, पण कर्ज गावात घरोघर आहे, आणि माणसाच्या मनात काय चाललं होतं ते एका कारणात बसत नाही. एवढं मात्र सांगायला हवं की हा ‘का’ घराच्या पैशाला चिकटतो. बँकेत, तहसीलमध्ये, सावकाराच्या ओट्यावर प्रत्येक जण तोच प्रश्न विचारतो आणि आपल्या सोयीचं उत्तर काढतो.

पहिले पंधरा दिवस

कुणी गेलं की गाव धावून येतं, हे खरंच आहे. भावकीनं सोयाबीन काढून, मळणी करून दिलं, मजुरी घेतली नाही. १४ क्विंटल झालं. त्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता. आडतीवर ४,१०० नी गेलं. ५७,४०० रुपये झाले. दिरानं माल विकला, पैसे दिराकडेच राहिले, आणि तेराव्याच्या आत त्यातले बावीस हजार गेले. पंगत, भांडी, पाहुण्यांना टॉवेल-टोपी. आबांचं म्हणणं एकच, “पोराचं शेवटचं कार्य हाय. ह्यात हात आखडायचा का?”

बाहेरचा माणूस याला उधळपट्टी म्हणेल. मी म्हणत नाही. अशा मरणानंतर घराला गावात मान खाली घालावी लागेल अशी भीती असते, आणि रीतसर तेरावा घालणं हे त्या भीतीला दिलेलं उत्तर असतं. पण हिशेब सांगायचा तर या घराकडे वर्षातला एकच हातात पडणारा पैसा होता आणि त्याचा मोठा भाग ताईला न विचारता संपला.

याच पंधरवड्यात देणेकऱ्यांची रांग लागली. सगळ्यात आधी फायनान्सवाला आला, गुरुवारच्या ठरलेल्या हप्त्याला. मग कृषी सेवा केंद्राचा निरोप. मग सावकार, तो मात्र भेटायला आल्यासारखा आला, चहा घेतला, आणि जाताना आबांना बाजूला घेऊन बोलला.

आमच्या ग्रामसंघानं, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघानं, दोन गोष्टी केल्या. अडचणीतल्या घरांसाठी ठेवलेल्या जोखीम प्रवणता निधीतून ताईच्या नावानं १०,००० रुपये दिले, परतफेड सहा महिन्यांनी सुरू. आणि गटातलं तिचं कर्ज तेवढाच काळ थांबवलं. दहा हजार काही मोठी रक्कम नाही, पण ती थेट तिच्या हातात पडली, आणि या घरातला तिच्या स्वतःच्या ताब्यातला तो पहिला पैसा होता. माझ्या मते मदतीचा पहिला प्रश्न ‘किती’ हा नाहीच, ‘कुणाच्या हातात’ हा आहे.

पिशवीतले कागद

घरातले कागद बियाणे कंपनीच्या एका प्लास्टिकच्या पिशवीत होते, ती पिशवी पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली. आम्ही ती ओसरीवर ओतली. दोन पासबुकं, फायनान्सचं हप्त्याचं कार्ड, खताच्या पावत्या रबरानं बांधलेल्या, एक आयुर्विमा पॉलिसी, सोसायटीची नोटीस (तिच्यावर चहाच्या कपाचा गोल डाग), मुलांचे आधार, आणि कशाची ते न कळणारी एक चावी. मुलगी मोठ्यानं वाचायची, मी लांबड्या वहीत उतरवून घ्यायची. आबा खांबाला टेकून ऐकत होते.

वहीत देणी अशी उतरली: सोसायटीचं पीककर्ज १,१०,०००, थकलेलं. फायनान्सचं ताईच्या नावावरचं ३१,००० बाकी. कृषी केंद्र ४२,०००. नातेवाइकांचे हातउसने ६०,०००. सावकार दीड लाख, शेकडा पाच रुपये महिना. म्हणजे नुसतं व्याज महिन्याला साडेसात हजार. सावकाराकडे बाँड होता आणि सही केलेला कोरा चेकही.

ही यादी मोठ्यानं वाचून झाल्यावर आबा म्हणाले, “मला वाटलं धा लाख हाय.” दहा नव्हते, चारच्या आत होते. न मोजलेलं कर्ज मोजलेल्यापेक्षा नेहमीच मोठं असतं.

पॉलिसीचा उपयोग झाला नाही. दोन हप्ते भरून बंद पडलेली होती. इथे एक गैरसमज खोडते: आत्महत्येला आयुर्विमा मिळतच नाही, असं जे सर्रास म्हटलं जातं ते चूक आहे. साधारण नियम असा की पॉलिसी घेतल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत असं घडलं तर पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग परत मिळतो. त्यानंतर चालू पॉलिसीवर पूर्ण दावा करता येतो.

फायनान्सच्या कार्डावर कर्ज देतानाच विम्याची रक्कम कापल्याची ओळ होती. अशा अनेक कर्जांत बाईबरोबर तिच्या नवऱ्याचाही विमा उतरवलेला असतो आणि तो गेला तर बाकी माफ होते. वसुलीच्या पोराला हे माहीत नव्हतं, किंवा माहीत असून बोलला नाही. शाखेत मृत्यू दाखला देऊन अर्ज केला, कर्ज बंद झालं. मधे घेतलेले दोन हप्ते मात्र परत आले नाहीत.

४३६ रुपये

नवऱ्याच्या जनधन खात्याच्या पासबुकात मे महिन्याच्या पानावर दोन बारीक नोंदी होत्या: ४३६ आणि २०. बँकेत कुणीतरी कधीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते, खात्यातून दर वर्षी आपोआप पैसे कापले जातात, आणि घरात कुणालाच पत्ता नसतो.

वीस रुपयांची ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा. ती अपघाताची, आत्महत्येला लागू नाही. ४३६ ची ती प्रधानमंत्री जीवनज्योती, आणि तिच्यात मरण कोणत्याही कारणानं आलं तरी दोन लाख मिळतात, आत्महत्या धरून. नव्यानं घेतली असेल तर पहिले ३० दिवस सोडून. शाखेतल्या माणसानं दोन्ही एकच समजून “सुसाइडला क्लेम नसतो” म्हणून दिराला परत पाठवलं होतं. असं इतक्या घरांत होत असेल की विचार करवत नाही. दुसऱ्यांदा जाताना योजनेचे नियम छापून नेले, शाखाधिकाऱ्यांना भेटलो, अर्जाची पोच घेतली. पोच न घेता काउंटर सोडायचं नाही, हे मी आता सगळ्यांना सांगते.

पैसे मंजूर झाले, पण वारसदाराच्या रकान्यात नाव ताईचं नव्हतं, आजीचं होतं.

दोन लाख सासूच्या खात्यावर आले. कायद्यानं त्यात वावगं काही नाही; आई नामनिर्देशित असेल तर पैसा तिलाच दिला जातो. दीर चाकणहून आला. तो वाईट माणूस नाही, त्याच्याही डोक्यावर घराचा हप्ता आहे. त्याचं म्हणणं, आधी सावकार मोकळा करू, भावाच्या नावावर डाग नको. आबांना ते पटत होतं. ताई चुलीपाशी बसून होती, एक शब्द बोलली नाही. नवीन विधवा अशा बैठकीत बोलत नसते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तेच गृहीत धरून चालतात.

आजी बराच वेळ तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझ्या लेकाचं पैसं हायेत. त्याच्या लेकरांला पुरल्याबिगर म्या कुणाला द्यायची नाय.”

विषय तिथं संपला. १,१०,००० ची मुदत ठेव आजी आणि ताईच्या जोडनावावर झाली, मोडायला दोघींच्या सह्या लागतील अशी. ६०,००० वर्षाच्या घरखर्चाला आणि पेरणीला. ३०,००० कृषी केंद्राला दिले. यावर आमच्यातच वाद झाला होता. कुणी म्हणालं, त्याला का आधी? कारण सोपं आहे. पुढच्या जूनला बी-खत उधार देणारा तोच, आणि तो व्यवहार तुटला की तीन एकर पडीक. दुकानदारानं उरलेले १२,००० सुगीवर ढकलले, व्याज लावलं नाही.

सरकारचा एक लाख

शेतकरी आत्महत्येची मदत एक लाख रुपये, आणि २००५-०६ च्या सुमारास ठरलेला हा आकडा आजही तोच आहे. त्यातले ३०,००० हातात, ७०,००० मासिक प्राप्ती योजनेत. तलाठी, पोलीस, कृषी विभाग यांचे अहवाल तहसीलमधून वर जातात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. सातबारा हवा, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा असल्याचं दिसायला हवं. खासगी, विनापरवाना सावकाराचं कर्ज यात मोजलं जात नाही. म्हणजे ज्या कर्जानं झोप उडते ते कागदावर नसतंच.

या घराचं प्रकरण फेरचौकशीत अडकलं, कारण फाइलमध्ये तगाद्याचा पुरावा नव्हता. चहाच्या डागाची ती नोटीस तिथं कामी आली. ज्या कागदानं त्याला घाम फुटला असेल, त्याच कागदानं घर पात्र ठरलं. यावर काय म्हणायचं ते मला सुचत नाही.

पैसा आला तेव्हा उन्हाळा लागला होता. ७०,००० चं व्याज पोस्टातून महिन्याला ४३१ रुपये येतं. मुलाच्या वह्या आणि आबांची रक्तदाबाची गोळी त्यात निघते.

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असल्यानं राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० एकरकमी मिळाले. गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज कुणीतरी भरायला लावला होता. ती दोन लाखांची योजना अपघातासाठी आहे, आत्महत्या तिच्यात बसत नाही, आणि तो फेरा वाया गेला. संजय गांधी निराधारचे दरमहा १,५०० आहेत, पण ताईला आधीच लाडकी बहीणचे १,५०० सुरू झाले होते आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत. निराधारला उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला लागतो. मी तिला निराधारकडे जायला सांगितलं, कारण ती १९८० पासून चालत आलेली योजना आहे. तिनं ऐकलं नाही. “चालू हाय ते बंद करून नव्याच्या मागं कशाला लागू?” तिचंही बरोबर असेल.

मुलं

पैशाच्या दृष्टीनं या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती बाल संगोपन योजना, आणि गावात तिचं नाव सगळ्यात कमी जणांना माहीत होतं. एक पालक गेलेल्या मुलाला दरमहा २,२५०, अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत. दोन मुलांचे ४,५००. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीकडून. मृत्यू दाखला, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी, उत्पन्न, आधार, बँक खातं, घरासमोर मुलांचा पालकासोबत फोटो. पैसा दरमहा येत नाही. महिने तुंबतात आणि मग एकदम येतो. तो उधारीत न जिरवता साठवायचा असेल तर खातं वेगळं हवं, म्हणून मुलीचं खातं वेगळं काढलं.

हे एवढं तपशिलात सांगायचं कारण, दिवाळीनंतर मुलीच्या मामाच्या ओळखीतून स्थळ आलं होतं. मुलगी नववीत. ‘बापाविना पोर, एक तोंड कमी होईल, हुंडा पण घेणार नाहीत.’ बीड जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर मुलगी मागं कुणाकडे ठेवायची हाच प्रश्न असतो. मुलांच्या मदतीसाठी १०९८ वर फोन करता येतो, बालविवाहाविरुद्ध २००६ चा कायदा आहे, हे सगळं मी सांगितलं. पण स्थळ माघारी गेलं ते कायद्यामुळे नाही. आजी म्हणाल्या, पोरीचे म्हैन्याला सव्वादोन हजार येणारेत, ती कुणाला जड नाही. हे ऐकून आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, कळत नाही. मुलगी दहावीत गेली, एवढं खरं.

गावाची मदत

पहिल्याच आठवड्यात गावच्या पोरांनी व्हॉट्सअपला टाकायला मजकूर तयार केला होता: ताईचा, मुलांचा फोटो, खाली खाते क्रमांक, वर ‘कर्जाला कंटाळून’. हेतू चांगला होता. तरी आम्ही तो थांबवायला लावला. मुलं उद्या शाळेत जाणार, तो फोटो त्यांच्या आधी तिथं पोचलेला असणार. शिवाय अशा आवाहनाचा पैसा एका आठवड्यात येतो आणि त्याच आठवड्यात देणेकऱ्यांना त्याचा आकडा कळतो.

त्याऐवजी पुण्यात कामाला असलेल्या गावातल्या आठ जणांनी दरमहा ५०० द्यायचं ठरवलं, वर्षभर, थेट ताईच्या खात्यावर. पाचव्या महिन्यापर्यंत तिघं गळाले. उरलेल्या पाचांचे २,५०० मात्र येत राहिले. कुणी मला विचारलं तर मी असंच सुचवते: एकदाच पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला पाचशे द्या, आणि किती महिने देणार ते आधीच सांगा. बाईला पुढच्या महिन्याचा किराणा आखता येतो.

पैशाच्या या धावपळीत सगळ्यांचं लक्ष ताईवर होतं. आबांकडे लक्ष गेलं ते आशाताईंचं, म्हणजे गावच्या आशा सेविकेचं. ते जेवेनासे झाले होते, रात्री शेतात जाऊन बसायचे. आशाताईंनी त्यांना आरोग्य केंद्रात नेलं, आणि १४४१६ हा टेलिमानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून तिथूनच लावून दिला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो. पहिल्यांदा आबा नुसतेच ऐकत राहिले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः लावला. घरात एक असं मरण झालं की उरलेल्यांकडेही बघावं लागतं, आणि म्हातारा बाप या यादीत बहुतेक शेवटी असतो.

जमीन आणि सावकार

वारसनोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे दिला. सातबाऱ्यावर चार नावं लागली: ताई, मुलगा, मुलगी आणि आजी. आबांचं नाही. मुलगा वारला तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात आई पहिल्या वर्गाची वारस, बाप नाही. आबांना हे लागलं. जमीन त्यांनीच वाटणीत पोराला दिली होती. त्यांना समजवायला तलाठ्यांनी चांगला तासभर दिला, हे मुद्दाम नोंदवते, कारण कार्यालयांबद्दल आपण एरवी वाईटच बोलतो.

वर्षश्राद्धाच्या आधी दिरानं हक्कसोडीचा विषय काढला: वहिनीनं हक्क सोडावा, मी जमीन कसतो, धान्य देत जाईन. लेकरांच्या नावापुढं ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ती आई) लागलेलं आहे, आणि अज्ञान मुलांचा हिस्सा आईला कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. हा नियम ताईच्या कामी आला; तिला दिराला ‘नाही’ म्हणावं लागलं नाही, ‘कायद्यात बसत नाही’ एवढं म्हणून भागलं. सध्या जमीन निम्म्या बटाईनं त्यालाच दिली आहे, एका वर्षाच्या लेखी करारावर.

सोसायटीचं कर्ज बोजा म्हणून सातबाऱ्यावर आहे. ते फेडावंच लागेल, वारसांना मिळालेल्या मालमत्तेपुरतं.

सावकाराचं अजून मिटलेलं नाही. त्याच्याकडे परवाना नाही. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमानुसार तो गुन्हा आहे, कोर्टातून त्याला वसुली मिळत नाही, आणि गेलेल्या माणसाच्या कोऱ्या चेकवर वारसांवर फौजदारी चालत नाही. तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. अर्ज मी लिहून ठेवला आहे. आबा सही करत नाहीत. सावकाराचं घर चार घरं सोडून आहे, त्याची म्हैस अडली तर आबाच जातात. सरपंचांच्या ओट्यावर एक बैठक झाली. आजवर दिलेलं व्याज मुद्दलात धरावं, असं आबांनी पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. व्याज धरलं तर मुद्दलातले साठ हजार उरतात. सावकार नव्वदवर अडला आहे. पुढची बैठक सोयाबीन विकल्यावर, आणि या वेळी ताई स्वतः बसणार आहे. वही तिच्याकडेच आहे.